गाय म्हणा नाहीतर बसव म्हणा

मागच्या ३१ डिसेंबरची रात्र. धारवाडात थंडी म्हणावी अशी थंडी पडली होती, गल्लीच्या टोकाला कॉलेजच्या पोरांची गाणी चालू होती, आणि दीड वाजता माझा मोबाइल वाजला. अशा वेळी फोन वाजला की आमच्या पिढीच्या पोटात अजूनही गोळा येतो. पाहते तर पुतणी, माझ्या थोरल्या दिरांची मुलगी. फ्रान्समध्ये दिजों नावाच्या गावी शिकायला आहे. तिथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते.

"चिक्कम्मा, झोपलीस का?"

"आता जागी झाले. काय झालं?"

"मी बसवनहुळ खाल्लं."

वाचकहो, आपल्यासारख्या घरांतून एक गंमत असते. मूल आनंदात असलं तर कोणत्याही भाषेत बोलतं, पण घाबरलं की नेमकं ज्या भाषेत ओरडा खाल्लेला असतो त्या भाषेत बोलतं. माझं माहेर बेळगावचं मराठी, सासर धारवाडचं कन्नड. ही पोर माझ्याशी एरवी मराठीत बोलते. त्या रात्री मात्र तिच्या तोंडून 'गोगलगाय' निघेना.

बसवनहुळ म्हणजे गोगलगाय. डोक्यावर दोन शिंगं उभारून, पाठीवर वशिंडासारखा शंख घेऊन संथपणे चालणारा तो जीव पाहून कन्नड माणसाला बसव आठवला, म्हणजे आपला नंदी. मराठी माणसाला गाय आठवली. एकाच घरात एकाच किड्याला सून गाय म्हणते आणि सासू बैल म्हणते, आणि दोघीही ते नाव घेताना कोणाच्या पानात तो किडा वाढला जाईल अशी कल्पनासुद्धा करीत नाहीत. गाय आणि बसव! खाण्याच्या गोष्टीत याहून अवघड नावं शोधूनही सापडली नसती.

आता हकीकत सांगते. पुतणी ज्या घरी भाड्याने राहते त्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या आहेत, एकट्याच असतात. पोरीने पहिल्याच दिवशी त्यांना सांगून टाकलं होतं की मी मांस खात नाही. बाईंनी ते नीट लक्षात ठेवलं. नववर्षाच्या आदल्या रात्री त्यांनी हिला जेवायला बोलावलं, आणि ही मांस खात नाही म्हणून, खास हिच्यासाठी म्हणून, गोगलगायी केल्या. फसवणूक वगैरे काही नव्हती. त्यांच्या हिशेबी मांस म्हणजे गाय, डुक्कर, कोंबडी. युरोपात जुन्या काळी कॅथलिक लोकांच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असे, पण मासे चालत आणि गोगलगायीही चालत. मठांतले साधू त्यासाठी त्या पाळीत. म्हणजे बाईंनी आमच्या लेकीला त्यांच्या परीने उपासाचंच वाढलं होतं! आपल्याकडे एकादशीला साबुदाणा चालतो आणि पोळी चालत नाही, हे त्यांना समजावून सांगायला गेलो तर त्याही अशाच चक्रावतील.

पोरीने काय करायचं होतं? बशीत बारा शंख. बारा खळगे असलेली खास बशी असते. शंख धरायला एक चिमटा आणि आतला जीव ओढून काढायला दोन दातांचा बारीक काटा. म्हातारीने दुपारपासून खपून केलेलं, डोळे हिच्या तोंडाकडे लागलेले. पोरीने दोन खाल्ल्या. मग पोट दुखतंय असं सांगून खोलीत गेली आणि मला फोन लावला.

"चव कशी होती?" मी विचारलं. आता ही काय विचारायची वेळ होती? पण प्राध्यापकी सवय, माहिती आधी आणि सहानुभूती मागाहून.

"लसणाची," ती म्हणाली आणि रडायला लागली.

रडण्याचं कारण चव नव्हे. कारण आमच्या सासूबाई. जायच्या आदल्या दिवशी अज्जीने देवासमोर उभं करून हिच्याकडून वचन घेतलं होतं, की मांसाला शिवणार नाही. रोज रात्री अज्जी व्हिडिओवर तिला एकच प्रश्न विचारतात, "आज काय जेवलीस?" दुसऱ्या दिवशीही तोच प्रश्न येणार होता. "चिक्कम्मा, सांगू की नको?"

मी काय सांगितलं ते पुढे येईलच. त्या रात्री मला मात्र झोप आली नाही, आणि झोप आली नाही की इतिहासाचा शिक्षक पुस्तकं काढून बसतो.

एक तर हा फ्रेंचांचा शोध नव्हे. प्राचीन रोमन लोक गोगलगायी पाळत असत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फुल्व्हियस लिप्पिनस नावाच्या माणसाने त्यांचे वाफे केले होते, जातवारीने वेगवेगळे, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. व्हॅरो या शेतीवर लिहिणाऱ्या विद्वानाने पाण्याने वेढलेली जागा करा म्हणजे त्या पळून जाणार नाहीत, असा सल्ला दिला आहे. (गोगलगाय पळून जाऊ नये म्हणून बंदोबस्त! पण गंमत वाटली तरी मुद्दा खरा आहे, रात्रभरात ती बरीच लांब जाते.) रोमन पाककृतींच्या पुस्तकात तर त्यांना दूध पाजून पुष्ट करायची कृती आहे.

फ्रान्समध्ये तिला आजची प्रतिष्ठा मिळाली ती बरीच नंतर. १८१४ मध्ये नेपोलियन हरल्यावर रशियाचा झार अलेक्झांडर पॅरिसला आला, मुत्सद्दी तालेराँने त्याला मेजवानी दिली, आणि कारेम नावाच्या नामांकित आचाऱ्याने लोणी-लसूण-पार्सली घातलेल्या बरगंडीच्या गोगलगायी पुढे ठेवल्या, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिकाच, पण अशा कथा पदार्थाला चिकटतातच. आमच्या लाइन बाजारच्या पेढ्याच्या किती कथा आहेत! दिजों हे त्याच बरगंडी प्रांताचं मुख्य गाव. म्हणजे पोरीला नको तो पदार्थ वाढला गेला तोही थेट त्याच्या माहेरघरी.

करायची रीत अशी. आधी काही दिवस गोगलगायींना उपाशी ठेवतात म्हणजे पोट साफ होतं. मग मिठात घोळून त्यांचा चिकट फेस काढतात, धुतात, उकळत्या पाण्यात टाकतात, शंखातून काढून साफ करून मसाल्याच्या पाण्यात बराच वेळ मंद शिजवतात. रिकामे शंख धुऊन ठेवतात आणि वर्षानुवर्षं वापरतात. शिजलेली गोगलगाय पुन्हा शंखात घालायची, वर लसूण आणि पार्सली घोटलेल्या लोण्याने तोंड बंद करायचं आणि भट्टीत ठेवायचं. खाणारा शेवटी उरलेलं लोणी पावाने पुसून घेतो, आणि खरं प्रेम त्या लोण्यावरच असतं असं फ्रेंच लोकही कबूल करतात.

रानातली बरगंडी गोगलगाय मोठी व्हायला काही वर्षं लागतात. ती इतकी वेचली गेली, शिवाय शेतातली औषधं आणि नाहीशी झालेली कुंपणं यांनी इतकी कमी झाली, की १९७९ मध्ये फ्रेंच सरकारला हुकूम काढावा लागला. १ एप्रिल ते ३० जून या विणीच्या काळात वेचायची नाही, आणि एरवीही तीन सेंटिमीटरहून लहान शंख उचलायचा नाही. आज फ्रान्समध्ये खातात त्यातल्या बहुतेक गोगलगायी पूर्व युरोपातून येतात. राष्ट्रीय पदार्थ खरा, पण कच्चा माल परदेशी.

इथपर्यंत वाचून कोणी नाक मुरडत असेल तर थांबा. आपल्या देशातही हे चालतं. बंगालात तळ्यातल्या लहान गोगलगायींना गुगली म्हणतात (क्रिकेटचा संबंध नाही), मिथिलेत त्या खातात, मणिपुरात थारोई म्हणून आवडीने खातात. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर कारवार-गोवा-मालवणच्या तिसऱ्या काय आहेत? त्याच मोठ्या कुळातल्या. फरक एवढाच की तिसऱ्यांना दोन शिंपल्यांचं दार असतं आणि गोगलगायीला एक वळणदार घर. आमच्या शेजारच्या कारवारी वहिनींना मी हा प्रसंग सांगितला. त्यांच्या घरी रविवारी तिसऱ्यांचं सुकं असतं, वास आमच्या अंगणापर्यंत येतो. त्या म्हणाल्या, "शी! गोगलगाय? कसं खातात हो लोक!"

शाकाहारी घरांबद्दल तर बोलूच नये. देवघरातला शंख हे समुद्री गोगलगायीचंच घर आहे. कवडीही तीच. आमच्या सासूबाई जेवण जड झालं की शंखवटीच्या दोन गोळ्या घेतात. तिच्यातलं शंखभस्म कशाचं, हे मी आजवर त्यांना सांगितलेलं नाही आणि हा लेख त्या वाचणार नाहीत याची खात्री असल्यामुळेच इथे लिहिते आहे. (त्या मराठी समजतात, वाचत नाहीत.)

पण हे सगळं मी विद्वत्ता म्हणून सांगत बसले असते तर लेखाचं कारण नव्हतं. गोगलगाय आमच्या घरी आधीपासूनच होती.

आमच्या परसात सासूबाईंची बाग आहे. मल्लिगे, अबोली, दोन पपया, विड्याच्या पानांचा एक वेल आणि पावसाळ्यात पालेभाजीचा वाफा. गेली काही वर्षं पाऊस सुरू झाला की तिथे बोटाएवढ्या, मग मुठीएवढ्या गोगलगायी निघतात. दिवसा दिसत नाहीत. रात्री बॅटरी घेऊन गेलं की भिंतीवर, पपईच्या बुंध्यावर, अगदी चुना लावलेल्या कट्ट्यावर. शंखासाठी त्यांना चुना लागतो, त्यामुळे भिंतीचा चुनासुद्धा खरवडून खातात. एका रात्रीत वाफा साफ.

ही इथली जात नव्हे. हिचं मूळ पूर्व आफ्रिकेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत विल्यम बेन्सन नावाचा एक शंखशिंपल्यांचा शौकीन अभ्यासक होता. त्याने मॉरिशसहून या गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, आणि १८४७ मध्ये त्या चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. तिथून झाडांच्या कुंड्या, रोपं, माती, लाकूड यांच्याबरोबर ती देशभर फिरली. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आज तिचं नाव आहे. एकेक गोगलगाय नरही असते आणि मादीही, म्हणून जोडीतल्या दोघीही अंडी घालू शकतात, एका खेपेला शंभर ते चारशे. कोरड्या दिवसांत शंखाचं दार पातळ पडद्याने बंद करून महिनोन्‌महिने झोपून राहते. आपल्याला वाटतं, गेली. पहिला जोराचा पाऊस पडला की सगळ्या जाग्या.

आमच्या कॉलेजातले एक सहकारी मूळचे लातूरकडचे आहेत. २०२२ च्या जुलैमध्ये ते आठवडाभर रजेवर गेले आणि परत आले ते वेगळेच दिसत होते. त्या वर्षी लातूर, बीड, उस्मानाबाद या भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनचा फडशा पाडला. दोन पानांवर आलेलं कोवळं रोप रात्री कुरतडून टाकायच्या, सकाळी तासंच्या तासं रिकामी. दुबार पेरणी केली, तीही गेली अशी शेतं होती. ते सांगत होते, "मॅडम, टोळ आले असते तर आवाज तरी झाला असता. हिचा आवाजच नाही हो." घरची माणसं, सालगडी, शाळेतली पोरं, सगळी पहाटे घमेली घेऊन वेचायला. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, सकाळी पोत्याखाली जमलेल्या गोळा करायच्या, मिठाच्या नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. बांधाच्या कडेने चुन्याचा पट्टा ओढायचा. मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकायच्या आणि त्या कुत्र्याने खाल्ल्या तर कुत्रं जाईल म्हणून कुत्र्याला बांधून ठेवायचं. सरकारने त्या वर्षी नुकसानभरपाई दिली. पण बियाण्याचे पैसे एक गोष्ट आणि हुकलेली पेर दुसरी.

तेव्हा स्टाफरूममध्ये कोणीतरी हसत म्हणालं होतं, फ्रान्सला पाठवा की! सहकारी हसले नाहीत. आता शोधल्यावर कळतं की ते अगदी विनोदानेच घ्यायला नको होतं. इंडोनेशियात हीच आफ्रिकी गोगलगाय 'बेकिचोत' म्हणून पकडतात, शिजवून साफ करून फ्रान्सलाही पाठवतात. पश्चिम आफ्रिकेत तर हिच्या कुळातल्या मोठ्या गोगलगायी मानाचं खाणं आहेत.

पण हे वाचून कोणी उद्या परसातली गोगलगाय शिजवायला घेऊ नका, हे मात्र स्पष्ट सांगते. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका जंताची पिल्लं या गोगलगायीच्या अंगात असू शकतात. कच्ची किंवा अर्धवट शिजलेली पोटात गेली तर तो जंत मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतो आणि जिवावर बेतू शकतं. तळ्यात-शेतात फवारलेलं विषही तिच्या अंगात असतं. मुलांना हात लावू देऊ नये, वेचताना हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी घालावी, नंतर साबणाने हात धुवावेत आणि पावसाळ्यात परसातली पालेभाजी पान न्‌ पान धुऊन घ्यावी.

आमच्या सासूबाईंचा उपाय मात्र एकच होता. मीठ. रात्री जेवण झालं की डाव्या हातात बॅटरी, उजव्या हातात खड्याच्या मिठाची पिशवी. दिसली की टाकली चिमूट. गोगलगायीचं अंग म्हणजे निम्म्याहून अधिक पाणीच. मीठ ते ओढून घेतं, ती फेसाळते, आक्रसते आणि मरते. सासूबाई पुढे सरकतात. मी कधी काही बोलले नाही. वाफा त्यांचा, मीठ त्यांचं. आणि खरं म्हणजे पालेभाजी मलाही हवीच होती.

तर त्या रात्री फोनवर मी पुतणीला काय सांगितलं? सांगितलं, "नको सांगूस. वय झालंय अज्जीचं." तिने नुसतं "बरं" म्हटलं.

आणि २ जानेवारीला तिने सांगून टाकलं. मी शेजारीच बसले होते. सासूबाईंचा रोजचा प्रश्न आला आणि पोरगी एका दमात बोलली, म्हातारीने मायेने वाढलं, दोन खाल्ल्या, वचन मोडलं. सासूबाईंनी फक्त विचारलं, "तिंदी एनवा?" म्हणजे खाल्लीस का गं बाई, खरंच? पलीकडून नुसती मान हलली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मला वाटलं आता फोन ठेवतील. त्यांनी विचारलं, "त्या बाई मारतात कशी?"

पोरीने सांगितलं. उपाशी ठेवतात, मिठात घोळतात, उकळतात.

"उप्पु?" सासूबाई म्हणाल्या. मीठ?

"हौदु अज्जी. उप्पु."

त्यावर त्यांनी फ्रेंच बाईंच्या प्रकृतीची चौकशी केली, एकट्या असतात का विचारलं, आणि पोरीला कानात कापूस घाल, थंडी आहे, असं सांगून फोन ठेवला. वचनाचा विषय निघाला नाही. तो त्यानंतरही निघालेला नाही. नाही म्हणायला, त्या आठवड्यात त्यांनी सोमवारचा उपास बुधवारीही केला. मी कारण विचारलं नाही.

जूनमध्ये पाऊस लागला. गोगलगायी निघाल्या. पहिल्या रात्री सासूबाई बॅटरी घेऊन गेल्या आणि मिठाची पिशवी ओट्यावरच राहिली. मला वाटलं विसरल्या, म्हणून मी घेऊन मागे गेले. तर त्या एक जुनी बादली घेऊन, हाताला दुधाची पिशवी गुंडाळून, एकेक उचलून बादलीत टाकत होत्या. वर गोणपाट. सकाळी नातवाला म्हणाल्या, "हे नाल्यापलीकडे सोडून ये."

इथे मला तोंड उघडावंच लागलं. म्हटलं, "अत्ती, कलकत्त्यात कोणीतरी नेमकं हेच केलं होतं. १८४७ साली. बागेत सोडून दिल्या. नाल्यापलीकडे लोकांची शेतं आहेत. लातूरला काय झालं ते त्या सरांनी आपल्या घरी बसून सांगितलं होतं ना?"

त्यांना ते आठवत होतं. त्या दिवशी सरांना दुसऱ्यांदा चहा त्यांनीच दिला होता. त्या बादलीकडे बघत उभ्या राहिल्या. आत काहीतरी सरकल्याचा अगदी बारीक आवाज येत होता. सरांनी म्हटलं होतं की हिचा आवाजच नसतो, पण पत्र्याच्या बादलीत येतो.

"मग तू सांग," त्या म्हणाल्या. "कॉलेजात शिकवतेस ना?"

मला आठचा तास होता. मी म्हटलं, संध्याकाळी बघू. संध्याकाळी आले तर बादली मागच्या दाराशी तशीच, गोणपाटावर वीट ठेवलेली, आणि आत कोणीतरी पपईची दोन पानं टाकली होती.